खोट्या पासाची खरी किंमत

रांगेत तिष्ठत उभे राहणे कोणालाच आवडत नाही. तरीही रांगेइतकी सरळ आणि न्याय्य व्यवस्था माणसाने क्वचितच निर्माण केली असेल. जो आधी आला तो आधी गेला, एवढाच तिचा नियम. मात्र या नियमाला एक अपवाद सुसंस्कृत समाज आपखुषीने मान्य करतो. ज्याच्याने उभे राहवत नाही, ज्याला थांबणे असह्य होते, त्याला आपण बाजूला सरून वाट करून देतो. त्या वेळी आपण त्याच्याकडे डॉक्टरांचा दाखला मागत नाही. हा सारा व्यवहार विश्वासावर चालतो. तो विश्वास एकदा लुटला गेला म्हणजे पुढे काय काय घडते, याचा मोठा बोधप्रद धडा अमेरिकेतील मनोरंजन-उद्यानांच्या अलीकडच्या इतिहासात सापडतो.

विषय सातासमुद्रापलीकडचा खरा. परंतु आपल्या वाचकांना तो अगदीच परका वाटू नये. इंदूर, बडोदे, ग्वाल्हेर, हैदराबाद येथील कितीतरी मराठी घरांतील मुले-मुली आज अमेरिकेत स्थायिक आहेत. आजी-आजोबा उन्हाळ्यात तिकडे गेले की नातवंडांबरोबर एकदा तरी डिस्नेच्या उद्यानात जाणे हे आता जवळजवळ ठरूनच गेले आहे. तेव्हा तेथील रांगेत काय चालते, हे जाणून घेणे अप्रस्तुत होणार नाही.

वॉल्ट डिस्ने यांचे पहिले उद्यान, डिस्नेलँड, कॅलिफोर्नियातील ॲनाहाइम येथे १७ जुलै १९५५ रोजी उघडले. त्याहून कितीतरी विस्तीर्ण असे वॉल्ट डिस्ने वर्ल्ड फ्लॉरिडात ऑर्लँडोजवळ १ ऑक्टोबर १९७१ रोजी सुरू झाले. आपल्या जत्रेतील पाळणे आणि फिरती चक्रे डोळ्यांपुढे आणावीत आणि त्यांना यंत्रविद्येची, चित्रपटांतील कथांची नि अफाट भांडवलाची जोड मिळाली आहे अशी कल्पना करावी, म्हणजे या उद्यानांचे काहीसे चित्र मनात उभे राहील. तेथील प्रत्येक राईड जेमतेम काही मिनिटांची. पण गर्दीच्या दिवशी तिच्यासाठी तास-दीड तास रांगेत काढावा लागतो. साहजिकच, या उद्यानांत सर्वांत मौल्यवान वस्तू कोणती असेल, तर ती रांगेतील पुढची जागा!

सवलत कशी निर्माण झाली

जुन्या डिस्नेलँडमधील रांगा अरुंद आणि वळणावळणाच्या होत्या. चाकाची खुर्ची त्या वळणांतून जाणे शक्य नसे. म्हणून खुर्चीतील पाहुण्याला बाहेर पडण्याच्या दाराने आत नेले जाई. ही केवळ अडचणीतून काढलेली वाट होती. परंतु पाहणाऱ्यांच्या मनावर तिचा ठसा वेगळाच उमटला : खुर्ची असली की रांग चुकते!

२६ जुलै १९९० रोजी अमेरिकेचे अध्यक्ष जॉर्ज बुश (थोरले) यांनी दिव्यांगांच्या हक्कांसंबंधीच्या ऐतिहासिक कायद्यावर स्वाक्षरी केली. दुकाने, उपाहारगृहे, नाट्यगृहे, उद्याने अशा सर्व सार्वजनिक ठिकाणी दिव्यांगांना इतरांबरोबरीने प्रवेश मिळाला पाहिजे, असे या कायद्याने बंधन घातले. त्यानंतर बांधलेल्या राईडच्या रांगा रुंद झाल्या आणि चाकाची खुर्ची सर्वांबरोबर त्याच रांगेतून पुढे सरकू लागली. खुर्चीचा प्रश्न अशा रीतीने पुष्कळसा सुटला. परंतु ज्यांचे अपंगत्व डोळ्यांना दिसत नाही, त्यांचे काय?

स्वमग्न मुलाचे उदाहरण घ्या. चेहऱ्यावरून त्याच्यात काही वेगळे दिसणार नाही. पण दाटीवाटीच्या रांगेत, अनोळखी स्पर्शांच्या, कर्कश संगीताच्या आणि दिव्यांच्या लखलखाटाच्या माऱ्यात त्याच्या सहनशक्तीचा बांध काही मिनिटांत फुटू शकतो. समोरचा माणूस पुढे का सरकत नाही, हे त्याला समजावून सांगता येत नाही. तो किंचाळतो, स्वतःला मारून घेतो, जमिनीवर पडतो. आणि भोवतालचे लोक आईकडे असे पाहतात, की जणू तिनेच त्याला वाया घालवले आहे. असे मूल ज्या घरात आहे, त्या घराला यातील एकही शब्द नवा वाटणार नाही.

अशांसाठी डिस्नेच्या उद्यानांत ‘गेस्ट असिस्टन्स कार्ड’ नावाची सोय होती. पाहुण्यांच्या कचेरीत जाऊन आपली अडचण सांगावयाची आणि कार्ड घ्यावयाचे. ते दाखवले की बहुधा वेगळ्या वाटेने, फारसे न थांबता आत जाता येई; सोबतच्या मंडळींनाही. डॉक्टरांचा दाखला कोणी मागत नसे. ग्राहकाच्या व्याधीची अनावश्यक चौकशी व्यवसायाने करू नये, असाच तेथील कायद्याचाही रोख आहे. पाहुण्याच्या शब्दावर विश्वास, हाच या व्यवस्थेचा आधार होता.

विश्वासाचा बाजार

हा आधार किती पोखरला गेला होता, हे मे २०१३ मध्ये जगाला कळले. ‘न्यूयॉर्क पोस्ट’ या दैनिकाने असे वृत्त दिले, की मॅनहॅटनमधील काही गर्भश्रीमंत कुटुंबे चक्क एखाद्या दिव्यांग व्यक्तीला ‘मार्गदर्शक’ म्हणून दिवसाच्या बोलीवर घेतात, तिला आपल्या नात्यातली म्हणून दाखवतात आणि तिच्या कार्डाच्या आधारे सगळ्या रांगा चुकवतात. या सेवेचा दर तासाला १३० डॉलर, आठ तासांच्या दिवसाला १,०४० डॉलर असल्याचे त्यात म्हटले होते. डिस्नेचा स्वतःचा अधिकृत खास मार्गदर्शक त्या वेळी तासाला ३१० ते ३८० डॉलर घेत असे. म्हणजे ज्यांना अधिकृत मार्ग सहज परवडला असता, त्यांनीही दुसऱ्याच्या अपंगत्वाचा स्वस्त मार्ग पत्करला!

या बातमीने संतापाची लाट उसळली. पण धनिकांचा हा प्रकार विरळा म्हणावा. खरा ऱ्हास साध्यासुध्या लोकांच्या छोट्या छोट्या खोटेपणातून होत होता. पाय दुखतो म्हणून सांगावे, भाड्याने चाकाची खुर्ची घ्यावी, आळीपाळीने तीत बसावे आणि संध्याकाळी तीच खुर्ची ढकलत धावत बसगाडी गाठावी, अशा कथा तेथे घरोघर विनोदाने सांगितल्या जात. ‘यात कोणाचे काय नुकसान?’ हा प्रश्न त्या विनोदाच्या तळाशी असे.

पुढे न्यायालयात आलेला एक आकडा या प्रश्नाचे थोडेसे उत्तर देतो. जुन्या कार्डाच्या काळात ‘टॉय स्टोरी मॅनिया’ या एका लोकप्रिय राईडची पाहणी करण्यात आली. कार्डधारकांचे प्रमाण एकूण पाहुण्यांत अवघे ३.३ टक्के असताना त्या राईडचा ३० टक्के वापर मात्र त्यांच्याकडून होत होता. हे सारेच खोटे कार्डधारक होते असे म्हणणे अन्यायाचे होईल. खऱ्या गरजवंतांनीही पुन्हा पुन्हा त्या राईडचा लाभ घेतला असणार. तरीही एवढे निश्चित दिसते, की ज्या सवलतीला मर्यादा नाही आणि जिची चौकशी नाही, ती व्यवस्थेला फार काळ पेलत नाही.

रांगेबाहेरची रांग

ऑक्टोबर २०१३ मध्ये जुने कार्ड बंद झाले आणि ‘डिसॅबिलिटी ॲक्सेस सर्व्हिस’ ही नवी पद्धत आली. तिचे तत्त्व समजून घेण्यासारखे आहे. समजा, एखाद्या राईडपुढे तासाभराची रांग आहे. तर कार्डधारकाला जवळजवळ तासाभरानंतरची वेळ दिली जाते. तो तास त्याने रांगेत उभे न राहता, सावलीत बसून, काही खाऊन किंवा एखादा शांत कोपरा शोधून घालवावा आणि ठरल्या वेळी वेगळ्या दाराने आत जावे. म्हणजे प्रतीक्षा टळत नाही. फक्त तिची जागा बदलते. तत्त्व म्हणून यात खोट काढणे अवघड आहे. सवलतीचा मूळ अर्थही हाच : इतरांच्या पुढे जाणे नव्हे, तर इतरांइतकेच थांबणे, पण आपल्याला झेपेल अशा रीतीने.

परंतु जे कागदावर समान असते, ते प्रत्येक देहाला आणि मनाला समान पडत नाही. काही स्वमग्न मुलांना ठरावीक क्रमानेच सारे करावे लागते. क्रम मोडला की त्यांचे जगच कोसळते. ‘आता नाही, तासाभराने’ हे शब्द त्यांना रांगेइतकेच असह्य होतात. अशा अनेक कुटुंबांनी २०१४ साली न्यायालयात धाव घेतली. जुन्या पद्धतीत आमची मुले सुखाने फिरत होती, नव्या पद्धतीने त्यांना उद्यानच बंद झाले, अशी त्यांची तक्रार होती. ऑगस्ट २०१८ मध्ये अपील न्यायालयाने या प्रश्नाची नीट सुनावणी व्हावी असे सांगून एक खटला खालच्या न्यायालयाकडे परत पाठवला. अखेर जून २०२० मध्ये न्यायाधीश ॲन कॉनवे यांनी डिस्नेच्या बाजूने निर्णय दिला. अमर्याद आणि तत्काळ प्रवेश देणे भाग पाडले तर उद्यानाच्या व्यवस्थेचे मूळ स्वरूपच बदलेल आणि इतरांची प्रतीक्षा लांबेल, असा त्याचा आशय होता.

या खटल्यात कोणाचे बरोबर आणि कोणाचे चूक, हे ठरवणे आमचे काम नव्हे. आम्हांला एवढेच दाखवावयाचे आहे, की न्यायालयाची पायरी चढावी लागली ती लबाडी करणाऱ्यांना नव्हे. ती चढावी लागली आजारी मुलांच्या आयांना.

मोफत पासाला आलेला भाव

यानंतर एक गोष्ट घडली आणि मोह वाढला. १९९९ पासून डिस्नेच्या उद्यानांत सर्वच पाहुण्यांसाठी ‘फास्टपास’ नावाची विनामूल्य सोय होती. तिच्यामुळे ठरावीक राईडची वेळ आधी राखून ठेवता येई. २०२१ साली ती बंद झाली आणि तिच्या जागी पैसे मोजून रांग चुकवण्याची ‘लाइटनिंग लेन’ आली. २०२४ च्या अखेरीस त्याच मालिकेत एक महागडा पास निघाला. गर्दीच्या दिवशी माणशी एका दिवसाला त्याची किंमत चारशे डॉलरच्याही वर जाते आणि प्रवेशाचे तिकीट त्याखेरीज. ज्या दारातून पैसेवाले जातात, त्याच दारातून दिव्यांगांचा पासधारक विनामूल्य जातो. अशा स्थितीत दुर्बल मनाच्या माणसाला त्या पासात माणसाची गरज न दिसता डॉलरच दिसू लागले, तर नवल नाही.

येथे उद्यानवाल्यांनाही दोन शब्द सुनावले पाहिजेत. रांगेतील जागा विकाऊ आहे, हे लोकांना प्रथम त्यांनीच शिकवले. जी वस्तू स्वतः बाजारात मांडली, तिची चोरी होते म्हणून हळहळण्याचा त्यांचा अधिकार थोडा उणाच म्हणावा लागेल.

एप्रिल २०२४ मध्ये कंपनीने पुन्हा नियम आवळल्याचे जाहीर केले आणि मे-जूनपासून ते दोन्ही ठिकाणी लागू झाले. नव्या नियमांनुसार हा पास मुख्यत्वे स्वमग्नतेसारख्या विकासात्मक अपंगत्वामुळे ज्यांना नेहमीच्या रांगेत फार वेळ थांबता येत नाही, अशांसाठी राखला गेला. दूरदृश्य-संभाषणातून मुलाखत घेतली जाऊ लागली. सोबत्यांची संख्या चौघांपुरती किंवा निकटच्या कुटुंबापुरती झाली. आणि दिलेली माहिती खोटी ठरल्यास उद्यानात कायमची बंदी व आधी घेतलेली तिकिटे जप्त, अशी सक्त ताकीद देण्यात आली. ‘युनिव्हर्सल’च्या उद्यानांनी तर २०२३ पासूनच अशा सवलतीसाठी एका त्रयस्थ संस्थेकडे आधी नोंदणी करावयास सांगितले होते.

परिणाम काय झाला? आतड्याच्या जुनाट विकाराने ज्याला केव्हाही रांग सोडून धावावे लागते, कर्करोगाच्या उपचारांनी ज्याची शक्ती क्षीण झाली आहे, अशा कित्येकांना पूर्वी मिळणारा पास आता नाकारला गेला. रांगेतून बाहेर जाऊन पुन्हा परत येण्यासारखे दुसरे उपाय त्यांना सुचवले गेले. एकट्या आईबरोबर दोन लहान मुले असली, तर तिने रांगेतून बाहेर कसे पडावे, मुलांना कोणाच्या स्वाधीन करावे? या कुटुंबांचा रोष स्वाभाविक होता. २०२५ साली कॅलिफोर्नियात या नियमांविरुद्ध दावाही गुदरला गेला.

पाहा, हा हिशेब किती उलटा आहे! खोटे बोलणाऱ्याने एक दिवस मजा केली आणि तो घरी गेला. कंपनीचेही काही अडले नाही. दंड भरावा लागला तो खऱ्या गरजवंताला. आणि तोही पैशांत नव्हे, तर अनोळखी माणसापुढे आपल्या देहाची नि मनाची व्यंगे उलगडून सांगण्याच्या लाजिरवाण्या नाण्यात. प्रत्येक खोट्या पासाबरोबर खऱ्या माणसावर पुराव्याचा एक बोजा वाढतो. शिवाय भोवतालच्या नजरा संशयी होतात. ‘दिसायला तर चांगला धडधाकट आहे!’ हे वाक्य स्वमग्न मुलाच्या आईला जितके लागते, तितके दुसरे क्वचितच लागत असेल.

त्याच अमेरिकेत याची उजळ बाजूही आहे, ती सांगितली पाहिजे. नाझी छळछावण्यांतून वाचलेले आणि पुढे फ्लॉरिडात हॉटेलव्यवसायात नावारूपाला आलेले हेन्री लँडवर्थ यांनी १९८६ साली ऑर्लँडोजवळ ‘गिव्ह किड्स द वर्ल्ड’ ही संस्था स्थापिली. उद्यान पाहण्याची इच्छा असलेली एक आजारी मुलगी प्रवासाची व्यवस्था होण्यापूर्वीच वारली, या दुःखातून हे कार्य उभे राहिले. दुर्धर व्याधींनी ग्रासलेल्या मुलांना आणि त्यांच्या कुटुंबांना तेथे राहण्याची व उद्यानांच्या सहलीची सोय विनामूल्य केली जाते. टेक्सासमधील सॅन अँटोनियो येथे गॉर्डन हार्टमन यांनी आपल्या दिव्यांग कन्येच्या अनुभवातून ‘मॉर्गन्स वंडरलँड’ हे उद्यान २०१० साली उघडले. तेथे दिव्यांगांना प्रवेशमूल्य नाही आणि खेळांची रचनाच अशी, की चाकाच्या खुर्चीसह त्यांत बसता यावे. रचनेतच सर्वांचा विचार असला, की अपवादाची गरज कमी होते आणि गरज कमी झाली, की लबाडीला वावही कमी उरतो.

आपल्या अंगणात

आता थोडे स्वतःकडे वळू. आपल्याकडे ही लबाडी फार करून रेल्वेच्या डब्यात आणि विमानतळावर भेटते. दिव्यांगांसाठी राखलेल्या डब्यात धडधाकट माणसे ठाण मांडून बसलेली आपण सर्वांनीच पाहिली आहेत. आपल्या २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने अपंगत्वाच्या २१ प्रकारांना मान्यता दिली आणि दिव्यांगांसाठीचे लाभ कपटाने उपटणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षाही सांगितली. कायदा आहे, परंतु डब्यात बसलेल्याच्या मनात तो नाही.

विमानतळावरील चाकाच्या खुर्चीची गोष्ट आपल्या घरांना अधिक जवळची आहे. जगभर याविषयी कुजबुज चालते. २०२४ साली ‘फ्रंटियर’ या अमेरिकी विमानकंपनीच्या प्रमुखांनी उपहासाने सांगितले, की एका उड्डाणाला वीस प्रवासी खुर्चीतून आले आणि उतरताना तिघांनाच खुर्ची लागली! आपल्याकडून मुलांकडे जाणाऱ्या आई-वडिलांच्या तिकिटावर खुर्चीची मागणी नोंदवण्याची प्रथाही चांगलीच रुळली आहे. त्यांतील पुष्कळांना तिची खरोखर गरज असते. गुडघे झिजलेले, दम लागणारे, लांबच लांब वाटा न झेपणारे वृद्ध खुर्ची मागतात, ते योग्यच करतात. त्यांनी तिळमात्र संकोच करू नये. परंतु काहींना अडचण असते ती चालण्याची नसून परक्या भाषेची आणि परक्या वाटांची. ती अडचणही खरी आहे. पण तिच्यावरचा उपाय सोबत आणि मार्गदर्शन हा आहे, खुर्ची नव्हे. आणि काहींना तर निव्वळ तपासणीची रांग चुकवावयाची असते.

खुर्च्या मोजक्या असतात, त्या ढकलणारे हातही मोजकेच. १२ फेब्रुवारी २०२४ रोजी न्यूयॉर्कहून मुंबईस उतरलेल्या ऐंशी वर्षांच्या एका वृद्ध प्रवाशाने आणि त्यांच्या पत्नीने खुर्च्या मागितल्या होत्या, मिळाली एकच. दुसऱ्या खुर्चीसाठी थांबण्याऐवजी ते पत्नीसोबत पायी निघाले आणि वाटेत कोसळून त्यांचे निधन झाले. खुर्च्यांना त्या वेळी फार मागणी होती, असे विमानकंपनीने सांगितले. नियामकांनी तिला ३० लाख रुपयांचा दंड केला. पुरेशा खुर्च्या ठेवणे हे कंपनीचे कर्तव्य होते आणि त्याबद्दल तिला शिक्षा झाली, ते यथायोग्यच. त्या दिवशीच्या मागणीत किती खऱ्या आणि किती सोयीच्या होत्या, याचा हिशेब कोणीच मांडू शकणार नाही. परंतु जिथे खुर्च्या कमी आणि मागणाऱ्यांची दाटी, तिथे सोयीसाठी अडवलेली प्रत्येक खुर्ची कोणाच्या तरी वाट्याची असते, हे समजण्यास हिशेबाची गरज नाही.

तेव्हा पुढच्या खेपेला मुलांकडे जाण्याचे तिकीट काढताना घरात एवढा विचार अवश्य व्हावा. पायांना गरज असेल तर खुर्ची मागावी आणि ताठ मानेने बसावे. गरज भाषेची असेल तर विमानकंपनीकडे वाटाड्याची विचारणा करावी किंवा त्याच विमानाने जाणाऱ्या एखाद्या ओळखीच्या कुटुंबाची सोबत शोधावी. आपल्या मंडळांतून अशी सोबत सहज जुळते. आणि नातवंडांबरोबर त्या प्रख्यात उद्यानात गेल्यावर कोणी ‘आजोबांना खुर्चीत बसवा, रांग चुकेल’ असे सुचवले, तर आजोबांनीच हसून नकार द्यावा. नातवंडे राईड चार दिवसांत विसरतील. आजोबांनी खोटे बोलून पुढची जागा घेतली की नाही घेतली, हे त्यांच्या ध्यानात राहील.

आणि रांगेत आपल्याला मागे टाकून एखादे धडधाकट दिसणारे मूल आईचा हात धरून वेगळ्या दाराने आत गेले, तर त्या दोघांकडे रोखून पाहू नये. आपल्याला न दिसणारे काहीतरी त्या आईने दिवसरात्र पाहिलेले असते.